जीएमआरटीच्या डिशखालची नोकरी: रेडिओ दुर्बिणीवरच्या फील्ड इंजिनिअरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायणगाव, खोडद पट्ट्यात शेतामध्ये उभ्या असलेल्या त्या अवाढव्य जाळीच्या डिश बघून लोक हमखास काहीतरी विचारतात. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, भाच्याच्या मित्रांकडून, सगळीकडे प्रश्न तेच. म्हणून एकदाच बसून लिहून टाकलंय. ही संस्थेची अधिकृत माहिती नाही, फील्डवर काम करणाऱ्या माणसाची आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तिथे नक्की आहे तरी काय?

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर, जुन्नर तालुक्यात. एकूण ३० डिश, प्रत्येक डिश ४५ मीटर व्यासाची आणि कुठल्याही दिशेला वळणारी. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटर लांब-रुंद जागेत आहेत, उरलेल्या १६ तीन हातांवर पसरल्यात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, एकेक हात साधारण १४ किलोमीटरचा. सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर २५ किलोमीटर. तीसही डिश एकाच वेळी एकाच जागी बघतात आणि त्यांचे सिग्नल जोडीजोडीने एकत्र करतात, तीस डिशच्या ४३५ जोड्या होतात, त्यातून २५ किलोमीटरच्या एका दुर्बिणीइतकं बारीक दिसतं. चालवते एनसीआरए (नॅशनल सेंटर फॉर रेडिओ अॅस्ट्रोफिजिक्स), म्हणजे मुंबईच्या टीआयएफआरचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) पुणे विद्यापीठाच्या आवारातलं केंद्र. कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची.

डिशना नावं आहेत, मधल्यांना सी, हातांवरच्यांना ई, एस आणि डब्ल्यू, पुढे नंबर. आमच्याकडे सकाळी कोणी म्हणालं "आज डब्ल्यू-०६" की समजायचं, डबा बरोबर घ्यायचा, जेवायला परत येणं होत नाही.

म्हणजे तुम्ही रात्रभर तारे बघता?

नाही हो. यात डोळा लावायला काही नसतंच. डिश रेडिओ लहरी गोळा करते, त्यांचा आकडा होतो, आकड्यांचं चित्र होतं, ते चित्र बनवणारा शास्त्रज्ञ पुण्यात नाहीतर जर्मनीत नाहीतर अजून कुठेतरी बसलेला असतो. दुर्बीण दिवसासुद्धा चालते, ढग असले तरी चालते. आम्हाला तारे दिसतात ते घरी जाताना, बाकीच्यांना दिसतात तेवढेच.

मग फील्ड इंजिनिअर दिवसभर करतो काय?

सोपं उत्तर: तीस डिश, त्यातल्या जास्तीत जास्त कायम चालू ठेवायच्या. खरं उत्तर तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये आहात त्यावर. मेकॅनिकलवाले, सर्व्होवाले (डिश फिरवणारी मोटर, ड्राइव्ह, ब्रेक, डिश किती वळलीय ते सांगणारा एन्कोडर हे सगळं त्यांचं), फ्रंट-एंडवाले (डिशवरचे रिसीव्हर त्यांचे), फायबरवाले, डिजिटल बॅकएंडवाले (सिग्नलचे आकडे करणारे), इलेक्ट्रिकल, आणि कंट्रोल रूममध्ये शिफ्टला बसणारे ऑपरेटर. बाहेरून सगळे "इंजिनिअर" दिसतात, पण आत एकमेकांवर ढकलाढकली भरपूर चालते, सर्व्होवाला म्हणणार गिअरबॉक्स जाम आहे, मेकॅनिकलवाला म्हणणार मोटर नीट टॉर्क देत नाही, आणि दोघं मिळून शेवटी एन्कोडरची केबल उंदराने खाल्लेली शोधणार.

दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी आधी रात्रीच्या शिफ्टचा लॉग वाचायचा. कुठली डिश ट्रॅकिंग (स्रोताच्या मागे फिरणं) सोडत होती, कुठल्या डिशचं एक चॅनेल मेलंय, कुठल्याची पॉवर उगाच वरखाली होतेय. मग कंट्रोल रूमकडून ती डिश मागून घ्यायची, कारण दुर्बीण चोवीस तास कोणाच्या ना कोणाच्या कामाला दिलेली असते, ज्याची वेळ आहे त्याने ती महिनोनमहिने आधी अर्ज करून मिळवलेली असते, वर्षातून दोनदा अर्ज मागवतात आणि मागणी उपलब्ध वेळेपेक्षा नेहमीच जास्त. त्यामुळे "जरा थांबवा, बघतो" असं चालत नाही. मेंटेनन्सचे तास ठरलेले असतात, त्यात बसवायचं.

मग गाडीत सामान भरायचं. पाने, मल्टिमीटर, स्पेअर कार्ड, फायबर साफ करायचं किट, दोरी, हेल्मेट, हार्नेस. डिशच्या खाली काँक्रीटचा गोल बुरूज असतो, त्याच्या आत खोली, खोलीत कपाटं. आणि इथे पहिला नियम: जायच्या आधी कंट्रोल रूमला फोन करून डिश लोकलला घ्यायची, म्हणजे तिकडून कोणी चुकून कमांड दिली तर वर माणूस असताना डिश हलणार नाही. हा नियम मोडणारा माणूस कितीही हुशार असला तरी मला माझ्या गाडीत नको.

बिघाड शोधता कसा? इतकं मोठं यंत्र, काय बिघडलंय ते कसं कळतं?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे जरा लांबण लागेल.

समजा एका डिशचं एक चॅनेल कमी पॉवर दाखवतंय. प्रत्येक डिशमधून दोन चॅनेल येतात, दोन पोलरायझेशनची (लहरीच्या कंपनाचे दोन प्रकार). सिग्नलचा रस्ता असा: डिशच्या फोकसला फीड (लहरी पकडणारी अँटेना), त्याच्या लगेच मागे लो नॉइज अॅम्प्लिफायर (दुबळा सिग्नल वाढवणारा), तिथून केबल खाली बुरुजातल्या खोलीत, तिथे सिग्नल प्रकाशात बदलतो, मग जमिनीखालच्या फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत, तिथे परत वीज, मग डिजिटल. यात कुठेही दगा होऊ शकतो. वर चढून अॅम्प्लिफायर बदलणं हे शेवटचं काम, कारण सगळ्यात कष्टाचं. म्हणून उलट्या बाजूने, इमारतीतून सुरुवात. दोन चॅनेलच्या केबल आपसात बदलायच्या. खराबी केबलबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेली तर दोष मागे, डिशच्या बाजूला आहे. नाही गेली तर दोष पुढे. मग एक टप्पा मागे, परत अदलाबदल. ऐकायला पोरखेळ वाटतो पण अर्ध्याहून जास्त बिघाड याच पद्धतीने सापडतात, आणि त्यातले बरेच ढिल्या किंवा पाणी गेलेल्या कनेक्टरचे निघतात. नव्या पोरांना महागडी उपकरणं जोडायची घाई असते, मी म्हणतो आधी कनेक्टर हाताने हलवून बघ.

दुसरी तपासणी आकाशावर. डिश हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए सारख्या जोरदार रेडिओ स्रोतावर न्यायची, पॉवर नोंदवायची, मग बाजूच्या रिकाम्या आकाशावर न्यायची, परत नोंदवायची. दोन्हींच्या गुणोत्तराचा आकडा आपल्याला माहीत असतो. तो कमी आला म्हणजे एकतर रिसीव्हर बहिरा झालाय किंवा डिश चुकीच्या जागी बघतेय. कुठलं ते ठरवायला थोडं डावीउजवीकडे, थोडं वरखाली करून सगळ्यात जास्त पॉवर कुठे मिळते ते बघायचं. २१ सेंटीमीटरच्या लहरीवर एका डिशची नजर पूर्ण चंद्राच्या बिंबापेक्षा थोडी लहान असते, त्यामुळे एन्कोडर थोडा जरी सरकला तरी आकड्यात पकडला जातो.

आणि मग तिसरा प्रकार आहे, जो खरा डोकं खातो: सगळं चालू आहे, आकडेही बरोबर, फक्त सिग्नलमध्ये काहीतरी "जास्तीचं" आहे. ते आकाशातून आलंय, शेजारच्या गावातून आलंय की आपल्याच पॉवर सप्लायने तयार केलंय? एकाच डिशमध्ये दिसतंय का सगळ्या? जवळच्या डिशच्या जोड्यांमध्ये दिसतंय आणि लांबच्या जोड्यांमध्ये गायब, तर ते बहुतेक जमिनीवरचं. आकाशातला खरा स्रोत पृथ्वी फिरते तसा आकाशात सरकतो, प्रत्येक डिशवर ठराविक उशिराने पोचतो, त्या उशिराचा हिशोब लावला की तीसही डिश एकमताने सांगतात. आमची अर्धी नोकरी हे एकमत होतंय का ते बघण्यात जाते.

मोबाइल का बंद करायला लावता? एवढ्या मोठ्या दुर्बिणीला एका फोनने काय होणार?

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून. अहो, चंद्रावर कोणी एक साधा मोबाइल चालू करून ठेवला तर तो रेडिओ आकाशातल्या सगळ्यात झगझगीत स्रोतांमध्ये गणला जाईल, एवढे आम्ही शोधतो ते सिग्नल दुबळे असतात. आणि तुमचा फोन चंद्रावर नाही, डिशपासून दोनशे मीटरवर तुमच्या खिशात आहे.

पण फोन हा सोपा शत्रू, बंद केला की संपलं. अवघड आहेत ते बाकीचे. विजेच्या लाइनवरचा तडकलेला इन्सुलेटर किंवा ढिला जंपर बारीक ठिणग्या टाकत राहतो, डोळ्याला दिसत नाही, पण रेडिओवर तो सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम खरखर करतो. ओळखायची खूण म्हणजे ती खरखर दर १० मिलिसेकंदांनी येते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि एका आवर्तनात दोनदा व्होल्टेज शिखरावर जातं. मग गाडीत बॅटरीवरचा स्पेक्ट्रम अनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारं यंत्र) आणि हातात एकाच दिशेचं ऐकणारी यागी अँटेना घेऊन शेताच्या बांधाबांधाने फिरायचं, आवाज कुठल्या बाजूला वाढतो ते बघत बघत एकेक खांब गाठायचा. शेतकरी विचारतात, "काय सायेब, पाणी शोधताय का?" खांब सापडला की नंबर लिहून घ्यायचा, वायरमनला दाखवायचा, तो लाइन बंद करून दुरुस्त करतो. तोपर्यंत वाऱ्याने दुसऱ्या गावात दुसरा ढिला झालेला असतो, आपण परत गाडीत.

पूर्वी टीव्हीच्या छपरावरच्या अँटेनाला लावलेल्या बूस्टरचा त्रास होता, खराब झालेला बूस्टर स्वतःच ट्रान्समीटर बनायचा आणि घरमालकाला पत्ता नसायचा, त्याचा टीव्ही तर मस्त दिसतोय. आता एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सीसीटीव्ही. आणि वरून पडणारं वेगळंच, जीपीएससारख्या उपग्रहांचे सिग्नल ११७६ आणि १२२७ मेगाहर्ट्झच्या आसपास आमच्या सगळ्यात वरच्या बँडच्या (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या) मधोमध बसलेत, त्यांचा खांब कुठून शोधणार. तेवढा भाग गाळून काम चालवायचं.

२०१७ च्या सुमाराला दुर्बिणीचं मोठं अपग्रेड पुरं झालं, आधी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा घेता यायचा, आता ४०० पर्यंत. शास्त्रज्ञ खूश, कारण रुंद पट्टा म्हणजे जास्त बारीक संवेदना. फील्डवाल्याचा ताप मात्र वाढला, आधी ज्या कचऱ्याकडे बघायलाच लागत नव्हतं तो सगळा आता दारातून आत येतो. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गावरून जीएमआरटीचं नाव पेपरात आलं होतं ते याच कचऱ्याच्या भीतीने. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ विकासाला आडवे येतात. माझं मत विचाराल तर नारायणगावला रेल्वे पाहिजेच, टोमॅटोवाल्यालाही पाहिजे, पण तीस डिश उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत आणि रूळ कागदावर असेपर्यंत सरकवता येतात.

हा प्रॉब्लेम फक्त आपल्याकडेच आहे का?

छे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीवर वर्षानुवर्षं विचित्र सिग्नल यायचे, त्यांना पेरिटॉन नाव दिलं होतं, २०१५ मध्ये कळलं की आवारातला मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना कोणी घाईने दार उघडलं की तो तयार होतो. दूरच्या आकाशगंगांमधून येणारे खरे रेडिओ स्फोट साधारण तसेच दिसतात, म्हणून एवढी डोकेफोड. अमेरिकेत ग्रीन बँकला दुर्बिणीच्या जवळ फक्त डिझेल गाड्या नेतात, कारण पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगचीसुद्धा खरखर ऐकू येते. तिथे तर चौफेर साधारण ३४ हजार चौरस किलोमीटरचा रेडिओ शांतता पट्टाच आहे. आपल्याकडे एवढी मोकळी जागा आणायची कुठून, दर तीन किलोमीटरवर वस्ती.

डिश जाळीच्या का? पत्रा मारायला पैसे नव्हते का?

थोडंफार तसंच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्या लहरी पकडायच्या त्या कमीत कमी २१ सेंटीमीटरच्या आसपासच्या, बाकीच्या त्याहून लांब, अगदी दोन मीटरपर्यंत. एक-दोन सेंटीमीटरची भोकं त्यांना दिसतच नाहीत, त्यांच्या दृष्टीने तो पत्राच. म्हणून स्टेनलेस स्टीलची ०.५५ मिलिमीटर जाडीची तार, मध्यभागी १० मिलिमीटरची जाळी आणि कडेला २० मिलिमीटरची, आणि ती ताणलेल्या वायर रोपच्या सांगाड्यावर बांधलेली. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका, मोटर छोटी, पाया छोटा, खर्च कमी. ही स्वरूप सरांची युक्ती. त्यांनी उटीलाही असंच केलेलं, ५३० मीटर लांब दुर्बीण डोंगराच्या अशा उतारावर बसवली की उताराचा कोन तिथल्या अक्षांशाएवढा, ११ अंश, म्हणजे एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन् तास पकडता येतो. ती १९७० पासून आहे. आणि त्याच्याही आधी १९६५ च्या सुमाराला आपल्या कल्याणला ऑस्ट्रेलियाने दिलेल्या ३२ छोट्या डिश लावून सूर्य बघत होते, हे कल्याणच्या लोकांनाच माहीत नसतं.

जाळीचा तोटा फील्डवाल्याला भोगायला लागतो. तार तुटते, ताण कमी होतो, पक्षी बसतात, पाइपांना गंज धरतो, रंगकाम कधी संपतच नाही, तिसावी डिश होईपर्यंत पहिली परत रंगवायला काढायची.

वाऱ्यात काय करता?

ताशी ४० किलोमीटरच्या पुढे वारा गेला की काम थांबवून डिश सरळ वर, डोक्यावर बघत उभी करायची, मग लॉक पिन. त्या अवस्थेत ती ताशी १३० किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत टिकेल अशी बांधलीय. एप्रिल-मे मध्ये दुपारी वळीव अचानक येतो, मिनिटात धूळ, आणि डिश वरखाली मिनिटाला फार तर २० अंश फिरते, म्हणजे खाली क्षितिजाकडे बघत असेल तर वर यायला तीन-चार मिनिटं लागतात. ती तीन-चार मिनिटं कंट्रोल रूममध्ये कोणी गप्पा मारत नाही. त्यात लाइट गेली तर ब्रेक आपोआप लागतात, वीज असेल तरच ते सुटतात, रचनाच तशी, पण डिश आहे त्याच कोनात अडकते, मग गाडी काढा आणि पळा.

एक गंमत सर्व्होची. एवढी जड डिश हळू फिरवताना गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळी जागा असतेच, वारा त्या जागेत डिश ढकलतो आणि निशाणा हलतो. म्हणून प्रत्येक अक्षाला दोन मोटर, आणि त्या एकमेकींविरुद्ध किंचित ओढत राहतात, दात कायम चिकटलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं एक मोटर उलटी जोडलीय!

वर चढायला लागतं का? मला उंचीची भीती वाटते.

लागतं, सगळ्यांना नाही. फोकस डिशच्या तळापासून साडेअठरा मीटरवर आहे, तिथे चार पायांवर एक फिरता डबा आहे, चार बाजूंना चार बँडचे फीड, पाहिजे तो फिरवून डिशसमोर आणतात. तिथलं काम करायचं तर डिश पूर्ण खाली झुकवायची आणि बाहेरून हायलिफ्टने पाळण्यात बसून फोकसपर्यंत जायचं. हार्नेस दोन हुकांचा, एक सोडायच्या आधी दुसरा अडकवलेला. हत्याराला दोरी बांधलेली, कारण वरून सुटलेला पाना खालच्या माणसाला काय करेल ते सांगायला नको. उन्हाळ्यात अकरानंतर लोखंडाला हात लावता येत नाही, पहाटे जावं लागतं. मधमाश्यांना डिश फार आवडते, पोळं दिसलं की काम बंद, पोळंवाल्याला बोलवायचं, शहाणपणा करायचा नाही.

भीती वाटते म्हणणारा मला उलट बरा वाटतो. ज्याला वाटत नाही त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. आणि अगदीच जमत नसेल तर फायबर, डिजिटल, सॉफ्टवेअर, भरपूर काम जमिनीवर आहे.

बिबट्या येतो का खरंच?

जुन्नर तालुका आहे, उसाचा पट्टा, येणारच. हातांवरच्या डिश शेतांमध्येच आहेत. रात्री कॉल आला तर एकट्याने जायचं नाही, गाडीतून उतरायच्या आधी हेडलाइट मारून बघायचं, हॉर्न वाजवायचा, बोलत चालायचं, खाली वाकून केबल बघत बसायचं नाही. साप जास्त धोक्याचा, तो बुरुजातल्या गार खोलीत कपाटामागे सापडतो. गमबूट घाला.

पावसाळ्यात काम बंद असतं?

निरीक्षणं चालू असतात, त्यामुळे आपणही चालू. पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, विजेने कार्ड जळतात, काळ्या मातीत गाडी रुतते. अर्थिंग तपासणी मे मध्येच उरकून घ्यायची, जूनमध्ये आठवण झाली तर उशीर झाला.

दुर्बीण पडू शकते का?

आपली नाही पडणार, अशी फुशारकी मी मारणार नाही. पोर्टो रिकोतली अरेसिबो, ३०५ मीटरची, १९६३ पासून चाललेली. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल सॉकेटमधून निसटली, नोव्हेंबरमध्ये मुख्य केबल तुटली, आणि १ डिसेंबरला वर लटकलेला ९०० टनांचा प्लॅटफॉर्म खाली डिशमध्ये. ग्रीन बँकची जुनी ३०० फुटी १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री, चालू निरीक्षणात, एक जोडपट्टी तुटल्याने कोसळली. दोन्ही वेळा कोणी मेलं नाही. अरेसिबोची पहिली केबल निसटायच्या आधी सॉकेटमधून किंचित बाहेर सरकलेली होती, म्हणजे मोजायला काहीतरी होतं. म्हणून वर्षानुवर्षं त्याच बोल्टला टॉर्क लावून त्याच वहीत तोच आकडा लिहिणाऱ्या फिटरची चेष्टा केलेली मला चालत नाही. आकडा बदलला तर पहिल्यांदा त्याच्याच लक्षात येणार आहे.

शिक्षण काय लागतं? भरती कशी होते?

बीई/बीटेक इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर. डिप्लोमावाल्यांना टेक्निकल पदं, आयटीआयवाल्यांना ट्रेड्समनची. टीआयएफआर अणुऊर्जा विभागाखाली येते त्यामुळे जाहिरात रीतसर निघते, लेखी परीक्षा, काही पदांना हाताने काम करून दाखवायची परीक्षा, काही पदांना मुलाखत. ट्रेनी म्हणूनही घेतात, एक-दोन वर्षांसाठी, आणि माझ्या मते हातात काम बसायला तोच उत्तम रस्ता. जाहिरात एनसीआरएच्या वेबसाइटवरच बघा. "आतून करून देतो" म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा, पैसे देऊ नका.

मुलाखतीत पोरं मशीन लर्निंग सांगतात आणि डेसिबल (डीबी, पॉवर किती पट ते सांगायचं माप) विचारलं की गप्प होतात. ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, एवढं झोपेतही आलं पाहिजे. केबल कापून कनेक्टर लावता येणं, सर्किट डायग्राम वाचता येणं, लिनक्सवर चार कमांड, थोडं पायथन. आणि लॉग लिहिता येणं! "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड" असं लिहिणाऱ्या माणसाला शिक्षा पाहिजे. काय बदललं, कुठला सीरियल नंबर काढला, कुठला बसवला, आधी आकडा किती, नंतर किती, हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी तोच बिघाड आला की आपण परत पहिल्यापासून.

पगार?

सरकारी वेतनश्रेणी, पदाप्रमाणे, जाहिरातीत छापलेला असतो. आयटीवाल्या मित्राशी तुलना करायची नाही, झोप जाते.

खगोलशास्त्र यायला पाहिजे का?

नोकरी मिळवायला नाही. टिकवायला थोडं. कारण शास्त्रज्ञाने "फेज उडतेय" (डिशमधल्या लहरींचा ताळमेळ सुटतोय) म्हटलं की त्याचं काय बिघडतंय ते कळलं तर आपण योग्य जागी बघतो. पल्सारवाल्यांचंच घ्या, ते पल्सारच्या (नेमाने रेडिओ ठोके देणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या) ठोक्यांची वेळ अनेक वर्षं मोजतात आणि त्यातल्या बारीक फरकावरून गुरुत्वीय लहरी शोधतात, २०२३ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या गटांनी त्याचे पुरावे जाहीर केले त्यात जीएमआरटीची मोजणीही होती. आता अशा माणसाला न सांगता तुम्ही फायबरच्या रस्त्यात एक जादा दोन मीटरची पॅचकॉर्ड (जोडायची छोटी केबल) घातली तर? प्रकाशाला फायबरमध्ये मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात, म्हणजे दहा नॅनोसेकंदांचा फरक तुम्ही गुपचूप घातलात. त्याला वाटणार आकाशात काहीतरी घडलं. म्हणून म्हणतो, लॉग लिहा.

आणि कधीकधी आपलं काम सरळ दिसतंही. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा छोटासा ट्रान्समीटर, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदला ऐकू येत होता. पॅराशूट उघडल्यानंतरही येत होता, आणि उतरायच्या जरा आधी बंद पडला. यान आदळून फुटलं होतं. अशा वेळी पहिला प्रश्न आपल्यावर येतो: तुमच्याकडून तर लाइन गेली नाही ना? तेव्हा "नाही, डिश सगळ्या चालू आहेत" असं छातीठोक सांगता येण्यासाठी आदल्या सगळ्या महिन्यांचं ग्रीसिंग असतं.

बाहेर देशात संधी आहे का? एसकेए म्हणजे काय?

आहे. स्क्वेअर किलोमीटर अॅरे, दोन देशांत बांधकाम चालू आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात १९७ डिश, त्यात तिथल्या आधीच्या मीरकॅट दुर्बिणीच्या ६४ धरून. पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोट्या अँटेना, एकही न हलणारी, माणसाच्या उंचीपेक्षा थोड्याच मोठ्या. मुख्यालय इंग्लंडमध्ये जोड्रेल बँकला. भारत त्यात भागीदार आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी १२५० कोटींना मंजुरी मिळाली, आणि दुर्बिणीला कंट्रोल करणाऱ्या सॉफ्टवेअरचं मोठं काम पुण्यातूनच चालतं. तिथली फील्डची नोकरी मात्र आपल्यापेक्षा वेगळी, गाव शेकडो किलोमीटर लांब, जायचं ते पाळीने, कॅम्पात राहायचं, परत यायचं. आपल्याकडे निदान संध्याकाळी नारायणगावात मिसळ मिळते.

एलियनचा सिग्नल आला का कधी?

आला तर तो आधी खांबावरच्या इन्सुलेटरचा आहे का ते तपासायला मलाच पाठवतील.

पोरांना दाखवायला आणायचंय, कधी यावं?

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला सगळ्यांसाठी खुलं असतं, तालुक्यातल्या शाळांची प्रयोगांची प्रदर्शनं असतात, तुफान गर्दी होते, एसटी भरभरून येतात. एरवी शाळा-कॉलेजला आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी लागते, अचानक गेटवर येऊन वॉचमनशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. टोपी आणि पाण्याची बाटली आणा, सावली फक्त डिशची आणि तीही सरकत असते. फोन गेटवरच बंद. ड्रोन आणूच नका. फोटोसाठी कॅमेरा चालतो का ते गेटवर विचारा, आणि ब्लूटूथचं घड्याळ हातात असेल तर तेही काढून ठेवा, ते कोणाच्याच लक्षात येत नाही.